अधिक मावशी, वजा मास्तर

"वहीतलं माप शिळं असतं रे. गिऱ्हाईक ताजं असतं."

हा आवाज पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, उस्तादांचा. उस्ताद तोंडात टाचण्या धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द टोचूनच बाहेर यायचा. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, नुकते कात्री धरायला शिकलेले पोरगे होते. एका जुन्या गिऱ्हाइकाचा कोट त्यांनी वहीतल्या जुन्या मापावर कापला होता. मधल्या दोन वर्षांत त्या गिऱ्हाइकाचं लग्न झालं होतं आणि संसार पोटाला मानवला होता. कोट अंगात गेला, पण बटणं आणि काजं यांची भेट काही झाली नाही. उस्तादांनी लाकडी पट्टी टेबलावर हाणली, मास्तरांच्या बोटांपासून एका सुताच्या अंतरावर.

"पुढच्या वेळी माप घे. सख्खा भाऊ आला तरी घे. कालच घेतलं असलं तरी घे."

त्या दिवसापासून मास्तरांनी दारात आलेल्या प्रत्येकाचं नव्यानं माप घेतलं. उभ्या हयातीत एकदाही चूक केली नाही. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं कापायचं टेबल, शिलाई मशीन आणि एक उभा आरसा. मागं स्वयंपाकघर आणि निजायची खोली. टेबलाच्या एका टोकाला चिंध्यांचा ढीग आणि त्या ढिगावर मावशी. मावशी म्हणजे मांजर. वाघाची मावशी म्हणून आमचीही मावशी, असं बायकोनं बारा वर्षांपूर्वी ठरवलं होतं, आणि घरात बायकोनं ठरवलेलं मास्तरांनी कधी उसवलं नव्हतं.

बायको आता मुलीकडे गेली होती. मुलगी लांबच्या शहरात, तिला पहिलंच बाळ झालेलं. निघायच्या दिवशी बायको हातात पिशवी घेऊन मधल्या दारात उभी राहिली.

"जाऊ ना मग?"

मास्तर खडूनं कापडावर रेघ ओढत होते. "जा की."

"मावशीला सांभाळा. ती माझी आहे, हे विसरू नका."

"हो."

बायको आणखी थोडी उभी राहिली. एवढा वेळ, की तेवढ्यात एक काज करून झालं असतं. मास्तरांनी मान वर केली नाही. ती गेल्यावर त्यांनी पाहिलं, तर खडूची रेघ वाकडी गेली होती. ती त्यांनी पुसली. रेघ पुसता येते म्हणूनच शिंपी खडू वापरतात. बोललेलं पुसता येत नाही आणि न बोललेलं तर त्याहून नाही.

मावशीचं प्रकरण त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झालं. ती नेहमीप्रमाणे टेबलावर उडी मारायला गेली, मधेच तिचा विचार बदलला आणि ती जमिनीवर आली. पडली म्हणायला नको, बसली म्हणू. शेजारच्या गाळ्यातला इस्त्रीवाला दारातून बघत होता.

"मास्तर, मावशीला आता शिडी करा. नाहीतर टेबलाचे पाय कापा."

"वय झालंय तिचं."

"वय माझंही झालंय. पण माझ्या बसण्यानं तुमची कात्री खाली पडत नाही."

मास्तरांनी मावशीला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाची उजवी बाही अर्धा इंच आखूड होती. मास्तरांना हे दारातूनच दिसलं. बाईंनी मावशीला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या. बऱ्याच वेळानं एक सापडली.

"सात किलो. साडेपाचवर आणायचीय. पण हळू, हं. म्हातारी मांजर आहे. आठवड्याला साठ-सत्तर ग्रॅम, त्याच्यावर नको. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, लागू दे. दूध बंद. खाणं तोलून द्यायचं, दिवसातून चारदा थोडं थोडं. रोज जरा खेळवायचं. उपाशी मात्र ठेवायची नाही. मांजरानं दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतावर येतं."

"आणि वजन एकदम उतरलं तर?"

"तर मला भीती वाटेल. या वयात एकदम उतरणं म्हणजे आत काहीतरी बिघडलेलं असतं. लगेच घेऊन या. घरी काटा आहे?"

"माणसांचा आहे."

"मग तिला घेऊन त्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. दर रविवारी."

घरी येऊन मास्तरांनी मापांची वही काढली. कोऱ्या पानावर वर लिहिलं, 'मावशी'. मग एकटे काट्यावर उभे राहिले आणि कोपऱ्यात लिहिलं, 'मी, ६८'. मावशीला कडेवर घेऊन उभे राहिले. पंचाहत्तर. वजा अडुसष्ट, बाकी सात. दवाखान्याच्या काट्याशी तंतोतंत जुळलं. मास्तरांना अस्तर आणि कापड बरोबर बसल्याचा आनंद झाला.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, मला पुढच्या महिन्यात कामावर जायचंय. आईला वर्षभर इथंच ठेवून घेऊ का? तिचं परतीचं तिकीट आहे, दोन महिन्यांनंतरचं. ती म्हणाली, आधी त्यांना विचार."

मास्तरांच्या हातात सुई होती. ती त्यांनी उगाच एकदा पुन्हा ओवली. "राहू दे की. इथं काय अडलंय?"

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग मुलगी म्हणाली, "आई म्हणतेय, आत्ताच रद्द करायला नको. तिकिटाच्या आधीच्या आठवड्यात परत विचारू."

"बरं."

मग बायको फोनवर आली आणि तिनं एकच विचारलं, "मावशी जेवली?"

"जेवली."

चाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांच्या जेवणाची एक रीत होती. आतून पहिली हाक यायची, "जेवायला या." ती नुसती ऐकायची. दुसऱ्या हाकेला "आलो" म्हणायचं आणि मशीनवर बसूनच राहायचं. तिसऱ्या हाकेला, तिच्यात थोडी आच आली की, उठायचं. आता आतून हाक येत नव्हती. पहिलीच नाही, तर तिसरी कुठून येणार? मास्तर मशीन चालवत राहायचे आणि अंधार पडला की मोरीपाशी उभ्या उभ्या पावाचा तुकडा चहात बुडवून खायचे. मावशीचं खाणं मात्र चार वेळा, तोलून, ग्रॅमला ग्रॅम. ते देताना बायको जे गुणगुणायची, तेही ते आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणायचे:

"मावशी गं मावशी, वाघाची तू सखी,
तू झोपलीस उन्हात, उंदीर झाला सुखी."

मावशी हे ऐकून पाठ फिरवायची. गाणं तेच होतं, गळा तो नव्हता.

पहिल्या रविवारी काटा चौऱ्याहत्तर पूर्णांक पाचवर थांबला. मावशी साडेसहा! आठवड्यात अर्धा किलो! मास्तरांनी लगेच दवाखान्यात फोन केला.

"अर्धा किलो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार झालं. खाणं थोडं वाढवा आणि उद्या घेऊन या तिला."

मास्तरांनी या सल्ल्यातला पहिला अर्धा भाग ऐकला. खाणं वाढवलं. दुसऱ्या भागाची त्यांना भीती वाटली. नेलं, तर बाई काहीतरी सांगतील. सांगितलं, तर ते बायकोला सांगावं लागेल. सांगितलं, तर ती ओल्या बाळंतिणीला टाकून धावत येईल. आणि मास्तरांना तिला मांजरीसाठी बोलवायचं नव्हतं. कशासाठी बोलवायचं होतं, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी पाच किलो आठशे, तिसऱ्या रविवारी पाच-दोन. डॉक्टरीणबाईंनी जे वर्षभरात करायला सांगितलं होतं, ते मास्तरांनी तीन आठवड्यांत ओलांडून दाखवलं होतं. काळजीनं त्यांचा चहातला पावही सुटला. मावशीचं खाणं त्यांनी दुप्पट केलं. मावशीनं तक्रार केली नाही. ती आता टेबलावर उडी मारायचा विचारही करीत नव्हती. खालीच बसून टेबलाकडे बघायची, जसं म्हातारं माणूस डोंगराकडे बघतं.

"अशक्तपणा," मास्तर इस्त्रीवाल्याला म्हणाले. "बघा, उडी मारवत नाही तिला."

"मास्तर, तिला अशक्तपणा असेल तर मला तसलाच अशक्तपणा हवा. काल ती माझ्या घडी केलेल्या चादरीवर बसली. इस्त्री करायला नको, इतकी सपाट झाली."

"वजन खोटं बोलत नाही. पाच-दोन."

"टेप लावून बघा की. तुमच्या हातातली वस्तू."

मास्तरांनी टेप लावली. मावशीची कंबर पहिल्यापेक्षा दोन बोटं वाढली होती. काटा म्हणतो उतरली, टेप म्हणते चढली! उभ्या आयुष्यात मास्तरांनी टेपेचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तिच्यावर अविश्वास दाखवला आणि दुसराच अर्थ लावला.

"सूज," ते हळूच म्हणाले. "पोटात पाणी झालंय."

इस्त्रीवाला आपल्या गाळ्याकडे जाता जाता मागं वळून एवढंच म्हणाला, "तुम्ही जरा बसा, मास्तर. उन्हानं वाळत घातल्यासारखे दिसताय."

मास्तरांना हे ऐकू आलं, पण लागलं नाही. पँट कमरेवरून घसरत होती, तेवढं मात्र कळत होतं. दुसरा कुणी असता, तर पँट घसरल्यावर थबकला असता, आरशापुढे उभा राहिला असता, पट्ट्याला नवं भोक पाडताना तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला असता. पण मास्तर शिंपी होते. त्यांनी पँट काढली, कंबर उसवली, अर्धा इंच आत घेतली, शिवली आणि घातली. पाच मिनिटांचं काम. "हल्लीचं कापड," ते मशीनला म्हणाले. "धुतलं की सैल पडतं." दोन आठवड्यांनी परत तेच. मग पुन्हा. आणि पुन्हा. हातात कला असली की माणसाला स्वतःची कड लावून घेता येते, आणि आत काय विरतंय ते दिसत नाही.

रोज संध्याकाळी फोन यायचा.

"मावशी जेवली?"

"जेवली." मग जरा थांबून, "पण तिला करमत नाही हं. सहा वाजले की दाराशी जाऊन बसते. रस्त्याकडे बघते."

"मावशी? ती तर दारातून कुत्रं गेलं तरी मान वळवत नाही."

"आता वळवते. आणि रात्री तुझी ती निळी शाल लागते तिला. त्याशिवाय झोप नाही."

"अगोबाई," बायको म्हणायची. आणखी काही म्हणणार असं वाटायचं, तेवढ्यात तिकडे बाळ रडायचं.

मावशी तेव्हा टेबलाच्या पायाशी पोट वर करून घोरत असायची. तिला सहा वाजल्याचा पत्ता नसायचा आणि शालीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

सातव्या रविवारी काटा सत्तर पूर्णांक नऊवर आला. मास्तरांनी वजाबाकी तीनदा केली. दोन किलो नऊशे. सात किलोची मावशी, बायको सोपवून गेलेली, सात आठवड्यांत तीन किलोचीसुद्धा राहिली नव्हती. मास्तर जमिनीवर बसले. मग त्यांनी ती निळी शाल आणली, मावशीला तीत गुंडाळलं, वही काखेला मारली आणि टोपलीबिपली न शोधता तसेच निघाले. डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच राहत होत्या. रविवार असो, सोमवार असो, दार वाजवायचं.

वाटेत त्यांना चार वेळा थांबावं लागलं. एकदा भिंतीला टेकून, एकदा कुणाच्या तरी पायरीवर बसून. हात भरून आले, धाप लागली. तीन किलोचं जनावर इतकं जड कसं? मास्तरांना वाटलं, जाणाऱ्या जिवाचा भार असाच असतो. डोळ्यांत पाणी आलं. शालीतून मावशीनं तोंड बाहेर काढलं आणि जांभई दिली. "दम लागलाय बिचारीला," मास्तर म्हणाले आणि पुढं निघाले.

दार उघडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या, मास्तर. सहा आठवडे वाट बघतेय मी. ठेवा तिला."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. काट्यानं पीक् असा आवाज केला.

"सात किलो आठशे," बाई म्हणाल्या. "मास्तर, मी कमी करायला सांगितलं होतं."

मास्तरांनी डोळे उघडले. "काटा बिघडलाय तुमचा."

"काटा कालच तपासलाय. ती काखेतली वही बघू."

बाईंनी पान वाचलं. रविवारचे आकडे बघितले, खालची वजाबाकी बघितली, मग त्यांचं बोट कोपऱ्यात गेलं. 'मी, ६८'.

"हे कधीचं?"

"पहिल्या दिवशीचं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? माझं वजन कुठं करायचं होतं? मांजरीचं करायचं होतं."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. फार हळू मिटली. मग भिंतीकडे बोट केलं. तिथं मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीलगतचा काटा होता. "चढा त्यावर."

"मी?"

"चढा."

मास्तर चढले. त्रेसष्ट पूर्णांक एक.

"त्रेसष्ट-एक आणि सात किलो आठशे," बाई म्हणाल्या, "किती झाले?"

मास्तरांनी मनात बेरीज केली. सत्तर पूर्णांक नऊ. खोलीत नुसती मावशी घुरघुरत होती, आणि त्या घुरघुरीच्या मागून, पंचेचाळीस वर्षांपलीकडून, टाचण्यांमधून एक आवाज आला. वहीतलं माप शिळं असतं रे. मास्तरांनी नकळत बोटं मागं घेतली.

"ही पँट किती वेळा आत घेतलीत?"

"चारदा. हल्लीचं कापड..." मास्तर थांबले. त्यांनी खाली कमरेकडे पाहिलं. चार शिवणी, एकीच्या आत एक, सरळ, सुबक, टाका न् टाका मोजून घ्यावा अशा. कापड चांगलंच होतं. कापडाला उगाच बोल लावला होता.

"मास्तर, माझ्या कोटाची बाही आखूड आहे हे तुम्ही पहिल्या दिवसापासून बघताय. दिसतं मला. आणि स्वतःकडे एकदा बघितलं नाहीत?" बाईंचा आवाज रागावलेला होता, पण कडेनं मऊ. "मावशीचं आपण करू. दर महिन्याला इथं माझ्या काट्यावर आणायची, आणि लिहून दिलंय तेवढंच द्यायचं. तुम्ही उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जायचं, सगळं तपासून घ्यायचं. जेवता का तुम्ही?"

मास्तर काट्यावरून उतरले. "हाक आली की जेवतो," ते म्हणाले.

परत येताना मावशी सात किलो आठशे भरत होती आणि तेवढीच जड लागत होती. इस्त्रीवाल्यानं त्यांना दोघांना येताना पाहिलं, इस्त्री उभी केली, मावशीला त्यांच्या हातातून घेतलं आणि ओठांवर आलेला विनोद तसाच गिळला. थोड्या वेळानं त्याच्या घरून एक झाकलेलं ताट आलं.

सहा वाजले. मास्तर दाराशी जाऊन बसले. रस्त्यावरून लोक घरी चालले होते, कुणाच्या हातात भाजी, कुणाच्या हातात पोर. मांडीवर निळी शाल होती. मावशी आत घोरत होती. मास्तरांना वाटलं, सात आठवडे आपण रोज खरं तेच सांगत होतो, फक्त नाव दुसऱ्याचं घालत होतो. हाक मारणारी माणसं असतात तेव्हा आपण तिसऱ्या हाकेपर्यंत बसून राहतो. ते दोन हाकांचे हट्ट कशाला केले, चाळीस वर्षं?

फोन वाजला.

"अहो," बायको म्हणाली, "ते तिकीट. ही म्हणतेय उद्या रद्द करावं लागेल. तुमचं तेच ना? तिकडे काही..." ती थांबली. आणि नेहमीच्या वाटेनं वळली. "मावशी जेवली?"

"जेवली. जरा जास्तच जेवली. सात किलो आठशे भरली."

"अगोबाई! आणि दाराशी बसते म्हणालात ना, करमत नाही म्हणून?"

"ती नाही बसत."

"म्हणजे?"

"ती कधीच बसली नाही. शालही तिला लागत नाही. पाच किलो उतरलं, तेही तिचं नाही."

पलीकडे बाळ रडू लागलं. या वेळी बायको उठली नाही. "मग कुणाचं?" तिनं विचारलं. तिचा आवाज तसाच होता, पिशवी घेऊन मधल्या दारात उभी होती तसा.

मास्तरांनी हातातली शाल एकदा सरळ केली. खडूही नव्हता, सुईही नव्हती. मान खाली घालायला काही उरलं नव्हतं.

"त्या दिवशी मी म्हणालो ना, इथं काय अडलंय," ते म्हणाले. "अडलंय गं. माझं अडलंय. तू ये."